तिपानीचं डबकं

९ एप्रिल

आज चर साफ केला. एकशे वीस पावलं लांब, गुडघाभर खोल. वडिलांनी खणला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि तेव्हापासून एकही वसंत असा गेला नाही की त्यात गाळ राहिला. आमच्या गावाचे डोंगरावरच्या दलदलीत चौदा चर आहेत. तेरा चरांमध्ये शेवाळ आणि गवत माजलंय. चौदावा माझा. चुलीसाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायला बंदी येऊन तीन वर्षं झाली, तशी लोकांनी चराकडे पाठ फिरवली. आळशाला सरकारी निमित्त मिळालं की तो सणासारखं साजरं करतो. वडील म्हणत, आधी माणसाचा चर बघा, मग त्याला मुलगी द्या. माझा चर गावात सगळ्यात स्वच्छ होता, मुलगी कुणी दिली नाही, ते असो.

वर फेस्टी रडी मेंढ्या हाकताना भेटला. शेजारचा चर त्याचा. चर कसला, हिरवी गोधडी.

"काय कविराज, तुझा चर तुझ्या कबरीपेक्षा स्वच्छ राहणार बघ."

"तुझ्या घरातल्या कपबशीपेक्षा आत्ताच आहे," मी म्हटलं.

गाळ काढल्यावर पाणी कसं झुळझुळ पळालं! पाचवीच्या पुस्तकात ओढ्यावरची कविता होती, ती मोठ्यानं म्हटली. मास्तरांनी ती छडी घेऊन शिकवली होती, म्हणून अजून पाठ आहे. हल्ली छडी नाही आणि कविताही नाही.

१४ एप्रिल

चराच्या वरच्या अंगाला चाळीस पावलांवर तिपानीचं डबकं आहे. तिपानी म्हणजे एका देठावर तीन पानं, पाण्यातून वर आलेली. मे महिन्यात पांढरी झालरदार फुलं. आई ती पानं उकळून वसंतात आम्हाला पाजायची. इतकं कडू की पापं आठवावीत. माझी बहीण डेलिया अजून पिते. ती एक्याऐंशीची, मी सत्त्याहत्तरचा. घरात आम्ही दोघंच. तिचं म्हणणं, तिपानीमुळेच ती उभी आहे. डॉक्टरच्या गोळ्या ती खिडकीतल्या कुंडीत पुरते.

डबकं उतरलंय. कडेचं लाल शेवाळ फिकट पडून पांढरट झालंय. हे रडीच्या मेंढ्यांचं काम. मेंढी हा प्राणी देवानं फेस्टीसारख्यांना सोबत म्हणून केला.

डेलियाला सांगितलं. ती म्हणाली, "डबकं आटलं तर मी काय पिऊ? तुझ्या कविता?"

२ मे

सरकारच्या निसर्ग-संरक्षण खात्याची बाई आली. नाव मुरिन, वय पस्तीसच्या आसपास, राहणार दूरच्या कार्लो जिल्ह्याची. तिकडे सपाट शेतं आणि बीट. ती आम्हाला दलदल शिकवायला आली आहे. लाकडी चौकट जमिनीवर ठेवते, गुडघ्यांवर बसते आणि भिंगातून बघत वहीत लिहिते: शेवाळाच्या सहा जाती, कापूसगवत, दवबिंदू, दगडफूल. चाळीस वर्षं मी पोस्टाची पिशवी घेऊन या वाटेनं गेलो. कापूसगवत फुललं की सगळा डोंगर म्हातारा होऊन हसतो असं मला वाटायचं. मी कधी मोजलं नाही. घरच्या माणसांना कोण मोजतं?

खात्यानं रस्त्याशेजारी एक फलकही लावलाय. त्यावर किडे खाणाऱ्या दवबिंदूचं ताटाएवढं चित्र. खरा दवबिंदू फलकाच्या खांबाशीच आहे, नखाएवढा, लाल, चिकट थेंबांनी चमकणारा. लोक त्याच्यावर पाय देऊन फलकाचा फोटो काढतात.

माझ्या चराच्या काठी ती बाई बराच वेळ थांबली. तिथे हेदरचं झुडूप कंबरेएवढं वाढलंय. ऑगस्टमध्ये जांभळं होतं तेव्हा त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

"मिस्टर पॅडन, हे हेदर इथे फारच उंच झालंय. कोरड्या जमिनीत होतं तसं."

"वडिलांच्या हाताला गुण होता," मी म्हटलं. "बाकी डोंगरावर घोट्याएवढंही नाही."

ती नुसतं "हं" म्हणाली. शिकलेल्या माणसांना कौतुक करता येत नाही.

मग विचारते, "पीट कापत नाही, तर चर कशासाठी साफ करता?"

"दाढी करतोच ना रोज. लग्न ठरलेलं नसलं तरी."

ती हसली. मग हळूच म्हणाली, या संरक्षित जागेत चर साफ करायलाही परवानगी लागते. माझ्या बापाच्या चराला! मी टोपी घातली आणि निघालो.

३ मे

तरी पुन्हा गेलो. ती डबक्याजवळ एक पांढरी नळी जमिनीत उभी रोवत होती. नळीत पट्टी सोडायची आणि पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते वाचायचं. शून्य म्हणजे पाणी थेट शेवाळाच्या तोंडाशी, सगळ्यात उत्तम. हे काम तिनं मला दिलं. दर रविवारी वाचायचं.

"तुम्ही रोज येताच इथे," ती म्हणाली.

मूर्खपणाच आहे, पण चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी. आकडा चुकणार नाही.

पहिला आकडा: एकवीस सेंटीमीटर.

१८ मे

चोवीस. तिपानीला तीनच तुरे आले. डेलियाला पानांची एक मूठसुद्धा मिळाली नाही. अर्धा पेला उकळला, तो ती घोट घोट करून प्यायली, मिठाईसारखा.

"पुढल्या वर्षी?" तिनं विचारलं.

"पुढल्या वर्षी भरपूर येईल."

"हे तू मला सांगतोस की कवितेला?"

नळीचंच काम आहे हे. जमिनीला भोक पाडलं की पाणी त्यातून जाणारच. हे समजायला पदवी लागत नाही, पण पदवी असली की समजत नाही असं दिसतं.

२९ जून

खात्यानं दलदलीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला, तो किती निरोगी आहे त्याचे, गुण दिले. दहापैकी. पत्र घरोघर आलं. मला चार. फेस्टी रडीला नऊ!

ज्या माणसानं वीस वर्षं चरात फावडं घातलं नाही, ज्याच्या चरात एकदा त्याचीच मेंढी बुडून तीन दिवस सापडली नाही, त्याला नऊ. मी पाठांतरात कधी पैकीच्या पैकी सोडले नाहीत, मला चार. फेस्टीनं पत्र चर्चच्या दारात प्रत्येकाला दाखवलं.

"मी काय केलं म्हणून नऊ मिळाले ते मला विचारू नका," म्हणत होता. "मी काही केलं नाही."

पहिल्यांदा खरं बोलला.

मुद्दाम जाऊन बघितलं. त्याच्या बाजूला शेवाळ खरंच गादीसारखं आहे, मधाच्या रंगाचं, मध्ये मध्ये डाळिंबी. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत बुडतो आणि पाय काढला की ते हळूच वर येतं, झोपमोड झालेल्या बाळासारखं. देव आळशांचा आहे.

२० जुलै

सदतीस. तीन आठवडे पाऊस नाही, आणि या मुलखात हे कुणी ऐकलं नव्हतं. डबक्यात तळाचा काळा चिखल दिसतो. तिपानीची मुळं दोरखंडासारखी उघडी पडलीत. दुसरीकडून आलेलं कोरडं, टोकदार गवत कडेनं आत सरकतंय.

विहिरीचं पाणी बादलीनं नेलं. चार खेपा. चौथ्या खेपेला पहिल्या तीन खेपांचं पाणी दिसेना. दगडावर बसून दोन ओळी केल्या:

जांभळी शाल पांघरून निजला डोंगर सारा,
शेवाळाच्या गादीवरती दमून बसला वारा.

घरी डेलियाला म्हणून दाखवल्या. ती बटाटे सोलत होती.

"वारा बसला? मग तू कशाला उभा? जा, आणखी दोन बादल्या टाक."

१० ऑगस्ट

पाऊस आला, धो धो. चर तुंबला होता, काठाची माती ढासळून आत पडलेली. लगेच साफ केला. दोन तास. पाणी असं पळालं की बघत राहावं! तपकिरी, चहासारखं, फेसाळत खाली रस्त्यापर्यंत. वडिलांना आवडलं असतं.

१७ ऑगस्ट

एकेचाळीस. आठवडाभर पाऊस पडूनही! आता नळी फुटकी आहे हे सिद्धच झालं. तसं पत्र खात्याला लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

७ सप्टेंबर

मुरिन स्वतः आली, पत्र घेऊन. नळी तपासली. फुटकी नाही म्हणाली. मग स्वयंपाकघरात बसली. डेलियानं तिला सोडा-पाव आणि लोणी दिलं, ती खाऊ लागली, आणि मग खिशातून कागद काढला.

चौदाही चर जागोजागी बुजवायचे आहेत. थंडीत यंत्र येईल. चौदा घरांच्या सह्या हव्यात. तेरा घरांनी केल्या आहेत. सगळ्यात आधी रडीनं.

"तुमच्या डबक्याचं पाणी तुमच्या चरातून जातंय, मिस्टर पॅडन."

"चाळीस पावलांवरून? पाणी काय पोस्टमन आहे, चालत जायला?"

"अगदी तसंच. रोज, थोडं थोडं, उताराकडे." तिनं पाव खाली ठेवला. "शेवाळ स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. तुम्ही एका टोकाला पिळताय आणि दुसऱ्या टोकाला बादल्या ओतताय."

मी सांगितलं की हा चर माझ्या वडिलांनी एका हिवाळ्यात एकट्यानं, भाड्याच्या फावड्यानं खणला. त्या चरामुळे आमच्या घरात पासष्ट वर्षं चूल पेटली. तो बुजवायला मी सही करणार नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. भांडलीसुद्धा नाही. भांडायलाही अक्कल लागते.

ती गेल्यावर डेलिया म्हणाली, "पोरगी खरं बोलत असेल तर?"

"कार्लोची आहे ती."

"आपली आई कुठची होती? रॉसकॉमनची, म्हणजे बाहेरचीच. तिपानी तिनंच दाखवली आपल्याला."

मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो. मग आठवलं, कोंबड्या गेल्या हिवाळ्यातच कोल्ह्यानं नेल्या.

१९ ऑक्टोबर

अक्षर वेडंवाकडं आहे, क्षमस्व. इस्पितळात आहे. चराचा शरद ऋतूतला गाळ काढत होतो, पाय सरकला, खुबा मोडला. दोन तास आत पडून होतो. फेस्टी रडीला दिसलो. त्यानं मला मेंढीसारखं खांद्यावर घातलं आणि वाटभर हसत होता.

"स्वच्छ चरात पडलास म्हणून सापडलास," म्हणाला.

ते मात्र खरं. त्याच्या चरात पडलो असतो तर शंभर वर्षांनी संशोधकांनी काढलं असतं, दातांसकट.

९ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. आता कॅसलबार शहरातल्या शुश्रूषागृहात. शेजारच्या पलंगावरचा माणूस दिवसभर टीव्हीवर लोकांची स्वयंपाकाची स्पर्धा बघतो आणि हरणाऱ्यांसाठी रडतो. इथून एकही टेकडी दिसत नाही. गाड्या उभ्या करायची जागा दिसते. डोळे मिटून डोंगर आठवायचा प्रयत्न करतो. शरदातलं तांबूस कापूसगवत, दुरून विस्तवासारखं. कविता आठवतात, पण ओळी मधूनच तुटतात.

दर रविवारी डेलिया फोनवर नळीचा आकडा सांगते. मी तिला ते काम सांगितलं नव्हतं. एक्याऐंशीची बाई चढ चढून जाते! गेल्या रविवारी तेवीस, आज सतरा.

"पाणी वर आलंय बघ," तिनं सांगितलं.

"पाऊस झाला असेल."

"दर वर्षी काय इथे वाळवंट असतं?"

१४ डिसेंबर

नऊ. नळी अखेर सुधारली असावी.

११ जानेवारी

घरी आलो. काठी लागते. डोंगर खिडकीतून दिसतो, तेवढ्यावर भागवायचं. नळी: सहा. डेलियाचे बूट गुडघ्यापर्यंत काळे. कोंबड्यांच्या खुराड्याला दार नाही हे आज लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, "वाऱ्यानं नेलं."

आमच्याकडचा वारा फार हावरट आहे. बिजागऱ्या आणि खिळे मात्र डब्यात नीट ठेवून गेला.

२६ एप्रिल

आज वर गेलो. काठी, दोन वेळा बसून, तिसऱ्यांदा देवाचं नाव.

आधी डबकं बघितलं. काठोकाठ. मागं डोंगर, पुढं ढग, सगळं त्यात उलटं. तिपानीचे कोंब वर आलेत, गुलाबी टोकांचे. मी बत्तीसपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं. पांढरट झालेल्या शेवाळात हिरवे ठिपके. काठी एका जागी टेकली तर हातभर आत गेली आणि मी पडता पडता वाचलो.

मग चराकडे वळलो. मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, उभं ठोकलेलं: कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. मागे पाणी साचून चर काठापर्यंत भरलेला, त्यात तरंगतं शेवाळ. माझ्या वडिलांचा चर. रडीच्या चरासारखा.

घरी येऊन बूटही काढले नाहीत.

"तू केलंस?"

"फेस्टीनं गाडीवर दार वर नेलं. ठोकलं मी." ती विणकाम करत होती, वर बघितलं नाही. "तू इस्पितळात गेलास त्याच आठवड्यात."

"बाबांचा चर आहे तो!"

"बाबांनी चर खणला तो चुलीसाठी. चूल आता तेलावर चालते. मग तो कुणासाठी वाहतोय?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

आता तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "तुझी वही टेबलावर उघडी असते, कोलमन. आकडे तूच लिहिलेस. चर साफ केलास की पाणी खाली. तू पडलास की पाणी वर. मी शाळेत सहावीपर्यंत गेले, तरी मला दिसलं. तू एवढ्या कविता पाठ केल्यास आणि स्वतःच्या हातचं वाचता येईना तुला?"

 उत्तर देण्यासारखं ती बोलत नाही. ही वही आता गादीखाली ठेवणार आहे.

२८ एप्रिल

फावडं घेऊन दार उपटायला गेलो.

काय ते काम! दार सरळसुद्धा नाही. डावीकडे तीन बोटं फट, त्यातून पाणी बाहेर पळतंय, तळातली माती धुऊन नेतंय. आणखी दोन महिन्यांत सगळं दार आडवं झालं असतं. फळीला मागून टेकू नाही. काठात खाच नाही. उघड्या लाकडाला ऊन लागतंय, ते तडकणार. फेस्टी रडी आणि माझी बहीण, दोघांचं वय मिळून दीडशे वर्षं, आणि पाणी कसं अडवावं हे ठाऊक नाही! पाणी कुठून निसटतं हे या डोंगरावर एकाच माणसाला माहीत आहे. मी सत्तर वर्षं त्याला वाट करून दिली.

असलं काम मला बघवत नाही. दोन्ही काठांत हातभर खाच घेतली. ओल्या पीटच्या विटा कापल्या, आठ, पीट कापायच्या, बाजूला पातं असलेल्या फावड्यानं, वडिलांनी शिकवल्या मापाच्या. आधी फट बुजवली, मग दाराच्या दोन्ही बाजूंनी विटा रचून दाबल्या, वरून जिवंत शेवाळाचा थर. बसून, एका पायानं. दुपारपर्यंत थेंब गळत नव्हता.

अंधार पडायच्या आत घरी आलो. डेलियानं माझे हात बघितले.

"कुठे होतास?"

"तुझी चूक निस्तरत होतो."

तिनं गरम पाणी आणि साबण आणून ठेवला.

६ मे

मुरिन आली. दाराचा बांध तिनं बघितला. "हे परवानगीशिवाय झालंय, म्हणून मी बघितलेलं नाही," म्हणाली, आणि चार फोटो काढले. पहिल्यांदा मला ती बरी वाटली, पण तेवढ्यापुरती.

कागदावर सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात अट लिहिली: या चरात यंत्र आणू नये. यंत्राला पाय कुठे ठेवावा हे कळत नाही. एका फेरीत ते शंभर वर्षांचं शेवाळ चिरडेल. दर पंधरा पावलांना एक, असे उरलेले सात बांध मी हातानं घालीन. देखरेखीला कुणाला पाठवू नये. ती म्हणाली, नियमात बसतं का ते विचारून सांगते. तिनं विचारावं. तोवर माझा दुसरा बांध होईल.

१० मे

नळी: दोन.

दुसरा बांध घालत होतो, तर डेलिया चढ चढून वर आली, स्वतःची उशी घेऊन. दगडावर बसली. वाटेत डबक्यातून तिपानीचं एक पान तोडलं होतं, ते चघळत तोंड वाकडं करत होती. समोर तिपानीचे पांढरे तुरे वाऱ्यात हलत होते. मला दोन ओळी सुचायला हव्या होत्या. सुचल्या नाहीत, पाठ दुखत होती.

बराच वेळ तिनं माझं काम बघितलं. मग म्हणाली, "बाबा असते तर काय म्हणाले असते रे?"

मी विटांकडे बघितलं.

"म्हणाले असते, तिसरी वीट उलटी लावलीस."

आणि खरंच उलटी होती. काढली, गवताची बाजू बाहेर केली आणि पुन्हा लावली.